एकतिसाव्या मिनिटाला काय झालं?

या वेळचं पत्र:

ताई, नमस्कार.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र, त्यात आंतरराष्ट्रीय संबंध हा आमचा खास विषय. गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी पॉडकास्ट सुरू केला. परदेशात आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या पदव्युत्तर संस्थांमधली आमच्याच वयाची मुलं असे कार्यक्रम चालवतात, ते ऐकून आम्हालाही सुरसुरी आली. आतापर्यंत अकरा भाग झाले. इंडो-पॅसिफिक, युक्रेन, तैवान, ब्रिक्स, तांबडा समुद्र असे विषय घेतले. दर भाग साठेक जण ऐकतात. त्यातले निम्मे नातेवाईक असणार.

आता भांडणं सुरू झालीत. एक मैत्रीण म्हणते, मराठीत हे कोण ऐकणार, इंग्रजीत करू. एक मित्र म्हणतो, व्हिडिओ करू, एखादा राजदूत आणला की आकडे वाढतील. विभागाच्या सरांनी महाविद्यालयाचा स्टुडिओ देऊ केलाय, पण प्रत्येक भाग ते आधी ऐकणार आणि मगच परवानगी देणार. आणि एडिटिंग सगळं माझ्या गळ्यात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी दुसऱ्यांचे 'अं' आणि 'म्हणजे' कापत बसते. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. बाबा म्हणतात, हे उद्योग बंद कर आणि स्पर्धा परीक्षेचं बघ.

बंद करू का? की इंग्रजीत जाऊ? की सरांच्या हवाली करून मोकळी होऊ? सोबत लिंक पाठवते आहे. वेळ झाला तर ऐका.

– कात्री हातात घेऊन बसलेली, गंगापूर रोड

कात्रीवाली,

वेळ झाला, ऐकलं. पहिला भाग, चौथा आणि नववा.

पहिल्या भागात साडेचार मिनिटं तुम्ही पाच जण एकमेकांची ओळख करून देता आणि एकमेकांचे आभार मानता. लग्नाच्या हॉलमध्ये माइकवरून पाहुण्यांची नावं वाचतात ना, तसं वाटलं. चौथ्यात पुण्याहून फोनवर बोलणारे एक निवृत्त अधिकारी आहेत. त्यांनी उत्तरं लिहून आणली आहेत आणि वाचताना पान उलटल्याचं ऐकू येतं. तू तो आवाज काढायची खटपट केली असणार, कारण पुढे त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. (नॉइज रिडक्शन एकदा लावावं, तेही हलकं. थोडी खरखर कान सोसतात, विहीर सोसत नाहीत.)

नववा भाग तांबड्या समुद्रावरचा. तयारी चांगली आहे, नकाशा डोळ्यांपुढे उभा राहील असं सांगितलं आहेस. आणि मग एकतिसाव्या मिनिटाला तुमचा निफाडकडचा मित्र सहज बोलून जातो की त्या वर्षी आमचा द्राक्षांचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेला, पप्पा दोन आठवडे धड झोपले नव्हते. त्यावर तू म्हणतेस, "हो, अगदी बरोबर. आता आपण पुढच्या मुद्द्याकडे वळूया."

पुढचा मुद्दा होता अमेरिकेच्या नौदलाची भूमिका.

मी मेथी निवडत ऐकत होते. जुडी तशीच ठेवली आणि मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तुझ्या पत्रातले सगळे प्रश्न त्या एका मिनिटापाशी येऊन थांबतात, म्हणून इंग्रजी-मराठी आणि सर-बिर यांच्याकडे नंतर वळू.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून केप ऑफ गुड होपचा धरला. हे तुम्ही नीट सांगितलंत. पण न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघालेल्या रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या, कंटेनरमध्ये आपल्याकडची द्राक्षं होती आणि ती दहा-पंधरा दिवस जास्त डब्यात राहिली. प्री-कूलिंग केलेलं द्राक्ष थंडीत टिकतं, देठ मात्र वाळत जातो. माल घेणारा घड उचलून आधी देठच बघतो. वाढलेलं भाडं कोणी भरलं? निर्यातदाराने, की त्याने ते बांधावरच्या भावातून वळतं करून घेतलं? तिकडे माल कमी प्रतीचा ठरला तर निवाडा कोण करतं, आणि इथून कोणी बघायला जातं का? विम्यात लढाईचा धोका धरला होता का? आणि पुढच्या हंगामात त्याच निर्यातदाराला माल दिला की नाही? हे सगळं निफाडच्या एका घराला माहीत आहे. त्या घरचा मुलगा तुझ्यापासून दोन फुटांवर बसला होता.

रागावत नाहीये. हेच मी केलं आहे आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. मी रेडिओसाठी नैमित्तिक निवेदक म्हणून काम करायचे, दिवसाच्या बोलीवर. २०१० साली दिंडोरीकडच्या एका बागायतदाराची मुलाखत घ्यायला गेले. टवटवीत माणूस, बोलका. मी विचारलं, "आपल्या यशाचं गमक काय?" झालं. त्यांनी कष्ट, जिद्द आणि आईवडिलांचे आशीर्वाद असं साग्रसंगीत सांगितलं. मी टेप बंद केली, चहा आला, आणि मग ते खरं बोलायला लागले. त्या वर्षी युरोपातल्या तपासणीत आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले होते. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते संजीवक, बागायतदार त्याला लिहोसिन म्हणूनच ओळखतात. निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत ते नव्हतंच. इथे पास झालेला माल तिथे नापास. कंटेनर अडकले, पैसे अडकले, बँकेचे हप्ते मात्र कुठे अडकत नाहीत. हे सगळं त्यांनी चहाच्या कपाबरोबर सांगितलं आणि माझी टेप पिशवीत होती. पुन्हा लावू का, असं विचारायचंही मला सुचलं नाही. यशोगाथा प्रसारित झाली, लोकांनी ऐकली असेल किंवा नसेल.

नियम कोण लिहितं, तो बदलल्याचं कोणाला कधी कळतं आणि चुकीचा भुर्दंड कोणावर बसतो, याला तुमच्या अभ्यासक्रमात एक भारदस्त प्रकरण असेल. दिंडोरीत ते पडवीत बसून चहा पीत होतं.

ज्या परदेशी संस्था पाहून तुम्ही सुरुवात केलीत, त्यांचं बघ. जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट १९२७ ची. तिथला विद्यार्थी पायी निघाला तर थोड्या वेळात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाच्या फाटकाशी पोचतो. जॉन्स हॉपकिन्सची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा १९४३ ची, वॉशिंग्टनमध्ये पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवर आहे, खाली उतरलं की अमेरिकेची संसद दिसते. आपल्याकडे दिल्लीत १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघाली आणि १९७० मध्ये जेएनयूत सामील झाली. तिथेही राजदूत, सचिव, परदेशी पाहुणे यांची ये-जा असते. या मुलांच्या पॉडकास्टवर राजदूत येतो कारण तो त्यांच्या गल्लीतच राहतो. यात त्यांची हुशारी नाही असं नाही, पण ते शेजाऱ्याला बोलावतात हे आधी लक्षात घे. तुम्ही त्यांचा शेजारी उसना आणायला निघालात. आपल्या गल्लीत कोण राहतं, ते अकरा भागांत एकदाही पाहिलं नाहीत.

लासलगाव घे. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला उघडली, पण टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट आणि ४० टक्के शुल्क घालूनच. त्या सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. या तारखा जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर पाठ असतात, त्या सांगायला तुमची गरज नाही. तुमचं काम मधल्या एका गोष्टीशी आहे. बंदी चालू असताना सरकारने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन कांद्याला परवानगी दिली. जगाला दार बंद आणि सहा घरांना मागच्या दाराने वाटी. तीच सहा का? प्रत्येकाशी आपलं त्या वेळी काय चाललं होतं? त्याच सुमारास गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्यालाही वाट मोकळी करून दिली, लोकसभेची निवडणूक चालू होती आणि आपल्याकडे संतापाचा भडका उडाला. शेजारधर्म, महागाई, मतं आणि आखाती देशांशी संबंध, सगळं एकाच गोणीत. यावर भाग करायला तुम्हाला राजदूत लागत नाही. एक निर्यातदार, एक शेतकरी आणि खळ्यावर माल निवडणारी एक बाई पुरे. कुठल्या देशाला कुठल्या आकाराचा कांदा जातो, हे ती हात न थांबवता सांगेल. तिकडे बांगलादेशी खरेदीदार बंदीच्या काळात कोणाकडे गेला आणि परत आला का, हे निर्यातदार सांगेल, आधी इकडचं तिकडचं बोलून मग.

ओझर घे. तिथला एचएएलचा, म्हणजे सरकारी विमान कंपनीचा, कारखाना मिग-२१ या रशियन लढाऊ विमानासाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-३० जोडली गेली. म्हणजे साठच्या दशकापासून मॉस्कोशी आपलं जे काही होतं, ते ओझरच्या शेडमध्ये रिव्हेट मारून पक्कं केलेलं होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबरला नाशिकमध्ये जोडलेल्या तेजस मार्क-१ए ने पहिलं उड्डाण केलं. त्याचं इंजिन अमेरिकन, जनरल इलेक्ट्रिकचं, आणि ते वेळेवर न आल्यामुळे किती रखडलं हे पेपरात येतच होतं. तीन आठवड्यांच्या अंतरात एकाच गावाने रशियाकडून अमेरिकेकडे मान वळवलेली दिसते. (पूर्ण वळलेली नाही. सुखोई आहेतच.) तिथल्या निवृत्त कामगारांना भेटा. मात्र विमानाबद्दल विचारू नका. गुपिताचा कायदा १९२३ पासून आहे आणि ती माणसं शिस्तीची आहेत, त्यांना अवघडून टाकू नका. रशियन तज्ज्ञांशी भाषेचं कसं जमवायचे, डबा एकत्र खायचे का, सोव्हिएत संघ फुटला त्या वर्षी सुट्या भागांची पत्रं कोणाच्या नावाने पाठवायची, हे विचारा.

नाशिकरोडला तुझा-माझा पासपोर्ट छापतात, नेपाळच्या सुरुवातीच्या नोटाही १९४५ पासून तिथेच छापल्या गेल्या. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघून वैतागलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे इंग्रजीत 'डूलॅली' हा वेडसरपणाचा शब्द आला. यावर प्रत्येकी एक छोटा भाग होईल, फार ताणू नका.

भाषेचा प्रश्न आता सोपा होतो. इंग्रजीत गेलात तर तैवानवर बोलणाऱ्या जगातल्या हजारो आवाजांत तुमचा एक, आणि त्यांच्या शेजारी राजदूत बसलेला. मराठीत खळ्यावरची बाई बोलेल, इंग्रजीत ती बोलणार नाही, तिच्याबद्दल कोणीतरी बोलेल. तुझ्या मैत्रिणीला पुढे दिल्लीला किंवा बाहेर शिकायला जायचं असेल तर तिने इंग्रजीत जरूर लिहावं. निफाडच्या भागावरून केलेला इंग्रजी लेख तिच्या अर्जाबरोबर शोभून दिसेल. पण एकाच पॉडकास्टवर दोन भाषांचा खेळ नको, दोन्हीकडचे श्रोते अर्धे उपाशी उठतात.

मात्र तुमचं मराठी मला खटकलं, तेही सांगते. 'प्रतिरोधन', 'बहुध्रुवीय विश्वरचना', 'मृदू सत्ता'. मृदू सत्ता म्हणजे मला आधी साय वाटली. पुस्तकात हे शब्द असू देत, परीक्षेतही लिही, गुण मिळतील. 'प्रतिरोधन'ऐवजी कानाला 'धाक' पुरतो. भारताने अणुचाचणी केली ती धाक बसावा म्हणून, असं म्हटलं की संपलं. 'सॉफ्ट पॉवर' तसंच म्हण आणि एकदा उदाहरण दे. 'निर्बंध', 'सत्तासमतोल' हे चांगले रुळलेले शब्द आहेत. 'टॅरिफ' तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्यावर ५० टक्क्यांपर्यंत नेल्यापासून रिक्षावालेही वापरतात, त्याचं भाषांतर कशाला करतेस? आणि वाक्यं लिहून वाचू नका. मुद्दे लिहा, वाक्यं तोंडात तयार होऊ द्या.

व्हिडिओचं एका ओळीत: नको. कॅमेरा लावला की निफाडचे पप्पा नवा शर्ट घालून यशाचं गमक सांगतील.

साठ श्रोत्यांबद्दल तू खजील होऊन लिहिलं आहेस. साठ म्हणजे भरलेला वर्ग. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली, तिथेही मे महिन्यात वळवाचे ढग आले की मागच्या रांगा उठतात आणि जे उरतात त्यांच्यासाठी वक्ता बोलतो. आकड्याची काळजी सोड, पण एक आकडा बघ: लोक कितव्या मिनिटाला सोडून जातात. तुमच्या खात्यात आलेख असतो. माझी पैज आहे, पहिल्या साडेचार मिनिटांतच घसरगुंडी दिसेल. ओळखी काढून टाका. भाग वीस-बावीस मिनिटांचा करा, म्हणजे सीबीएसहून सिटीलिंक बसने नाशिकरोडला निघालेल्या माणसाचा उतरेपर्यंत संपेल. द्वारका चौकात अडकला तर दुसराही ऐकेल.

आता सर. त्यांच्यावर लगेच चिडू नका. उद्या एखाद्या भागावरून कोणाचा फोन आला तर तो तुला येणार नाही, त्यांना येणार. त्यांनी ऐकावं, पण कशासाठी ऐकावं हे आधी कागदावर ठरवा. तारीख, आकडा, नाव, पद चुकलं असेल तर ते दुरुस्त करतील आणि तुम्ही निमूट मान्य कराल. मत पटलं नाही तर ते तसं कळवतील, वाटल्यास पुढच्या भागात येऊन बोलतील, पण कापायला सांगणार नाहीत. ऐकायला दोन दिवस, त्यानंतर भाग बाहेर. शेवटचा शब्द त्या भागाच्या विद्यार्थी संपादकाचा. हे त्यांना मान्य असेल तर असा वाचक फुकट मिळाला म्हणून पेढे वाटा. सत्तेचाळीस मिनिटांच्या त्या पहिल्या भागात सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाचं साल तुम्ही १९५८ सांगितलंत, ते १९५६ आहे. सरांनी पकडलं असतं. मान्य नसेल तर महाविद्यालयाचं नाव आणि स्टुडिओ दोन्ही नम्रपणे परत करा. गाद्यांच्या कपाटासमोर बसून, पंखा बंद करून, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका धरून केलेलं रेकॉर्डिंग वातानुकूलित स्टुडिओच्या घरघरीपेक्षा बरं असतं.

व्यापारी किंवा निर्यातदार माइकसमोर बिचकतील, तेव्हा चॅटम हाऊसचा नियम उपयोगी पडतो. लंडनच्या त्या संस्थेने १९२७ मध्ये ठरवलेला: ऐकलेलं वापरा, पण कोणी सांगितलं ते आणि तो कुठला ते उघड करू नका. अशा वेळी त्यांचा आवाज घेऊ नका. ऐका, घरी येऊन आपल्या शब्दांत सांगा, दुसऱ्या दोघांकडून पडताळून. आणि हा नियम लागू आहे की नाही हे चहाच्या आधी ठरवा, नंतर नाही.

आता तुझी कात्री. पाच जणांच्या कार्यक्रमात चौघं बोलतात आणि एक जागते, हे भांडण भाषेच्या भांडणापेक्षा मोठं आहे. तुम्ही ते बोलून दाखवलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. उद्यापासून ज्याने मुलाखत घेतली त्यानेच पहिली कापणी करायची. आधी कागदावर: ऐकता ऐकता मिनिटं लिहायची, काय ठेवायचं त्यापुढे खूण. मग ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या खुणांप्रमाणे जोडायचं, हे शिकायला दोन संध्याकाळी लागतात. तुझ्याकडे येईल ते फक्त शेवटचं ऐकणं. एकदा स्वतःचे 'अं' स्वतः कापावे लागले की पुढच्या वेळी निम्मे होतात, हा माझा पक्का अनुभव आहे. आणि सगळे 'अं' कापू नकोस, बाई. बागायतदार भाव सांगताना थांबतो, ते थांबणं ठेव.

जिथे रेकॉर्डिंग कराल तिथे निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती शांतता घ्या. कापलेल्या जागा बुजवायला ती लागते. लासलगावला लिलावाचा आवाज वेगळा मिनिटभर घ्या. तो सुरुवातीला दहा सेकंद वाजला की संगीत लागत नाही, आणि सिनेमाचं गाणं वापरून कॉपीराइटची नोटीस ओढवून घ्यायचीही गरज उरत नाही.

परीक्षेचं उत्तर द्राक्षबागेकडे आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल उघडीबोडकी दिसते, पुढचे कित्येक महिने घड नसतो, आणि त्याबद्दल कोणी बागायतदार शरमत नाही. तुम्हीही हंगाम करा. जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत चार भाग, मग जाहीर सुट्टी. शेवटच्या भागात सांगून टाका की आता ऑक्टोबरात भेटू. आणि ऑक्टोबरात तू नसशील, हे आत्ताच धरून चल. विद्यार्थ्यांचा कार्यक्रम दर दोन वर्षांनी रिकामा होतो. पहिल्या वर्षाच्या दोघांना या चार भागांत बरोबर घ्या, एक भाग पूर्ण त्यांचा. पॉडकास्टचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे? तुझ्या, ना? कार्यक्रमाच्या नावाने नवा ईमेल काढ, पासवर्ड तिघांकडे, खातं त्यावर हलव. आरएसएस फीड कोणाच्या ताब्यात आहे ते बघ. ती फीड म्हणजे तुमचा पत्ता, श्रोत्यांची अॅप्स तिथे येऊन नवा भाग उचलतात. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा ज्यांची फीड स्वतःच्या हातात होती त्यांचे कार्यक्रम इतर अॅपवर तसेच चालू राहिले. उद्या महाविद्यालयाच्या खात्यावर गेलात आणि सरांची बदली झाली, तर पत्ता कोणाकडे राहणार, हे त्या कागदात लिहून घ्या.

बाबांना 'हे यूपीएससीला उपयोगी पडतं' असं सांगू नकोस. ते खोटं नाही, मुख्य परीक्षेत आंतरराष्ट्रीय संबंध आहेतच. पण एकदा तसं म्हटलंस की प्रत्येक भागानंतर ते तुला गुण विचारतील. त्यांना तारीख सांग: मार्चच्या मध्याला थांबते. आणि थांब.

नव्या हंगामाचा पहिला भाग कोणता हे तुला कळलं असेलच. निफाडच्या मित्राला सांग, जानेवारीच्या शेवटी येतो, पण पप्पांना विचारून वेळ ठरव. माल काढणीचे दिवस असतात, सकाळी त्यांच्या आसपास फिरकू नका. दुपारी पॅकहाऊसमधल्या बाया जेवायला बसल्या की जा. दोन फोनवर रेकॉर्डिंग लावा, एक दगा देतोच. प्रश्न दोनच न्या: कंटेनर उघडला तेव्हा माल कसा निघाला, आणि पैसे कधी आले. बाकीचे तिथे सुचतील. चहा आला तरी टेप बंद करू नकोस.

नवव्या भागाचं ते एकतिसावं मिनिट मूळ फाइलमधून काढून जपून ठेव. नवा भाग तिथूनच सुरू कर, तुझ्या "पुढच्या मुद्द्याकडे वळूया"सकट.

– ताई